जुन्या तबकड्या आणि योग्य सुई
(ज्ञातिसंघाच्या रत्नागिरी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी विद्वान वक्त्यांची व्याख्याने होत असतात. आम्ही तर जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेत मुलांकडून अक्षरे गिरवून घेण्यात गेला. संगीताचे शास्त्र आम्हांस अवगत नाही आणि यंत्रांचे तर त्याहूनही नाही. तथापि सेवानिवृत्तीनंतर जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हा वाजविण्याचा नाद आम्हांस जडला, त्यात आम्ही काही चुका केल्या आणि त्या चुकांनी आम्हांस शहाणे केले. आमच्या चुका इतरांच्या उपयोगी पडाव्यात एवढ्याच हेतूने, चिटणीसांच्या आग्रहास मान देऊन, आम्ही येथे उभे आहोत.

विषय वाटतो तितका जुनाट नाही. ज्या वस्तू आपण पोटमाळ्यावर टाकल्या, त्याच आज मुंबई-पुण्याची तरुण मुले शोधीत फिरत आहेत. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झाले. असे १९८६ नंतर प्रथमच घडले. आपल्या ज्ञातीतील दोन-तीन घरांतूनही चिरंजीवांनी नवीन रेकॉर्ड प्लेअर आणल्याचे आमच्या कानी आले आहे. तेव्हा आणावयाचाच तर कोणता आणावा आणि त्यावर काय वाजवावे, हा प्रश्न आता घराघरांत येणार.

प्रथम थोडे मागे जाऊ. ग्रामोफोन कंपनीचे गेसबर्ग नावाचे साहेब १९०२ साली कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान आदी कलावंतांची गाणी मुद्रित केली. त्या तबकड्या त्या वेळी जर्मनीतील हानोव्हर येथे छापून येत. पुढे १९०८ साली कलकत्त्यासच कारखाना निघाला. गंमत अशी की, तबकडीसाठी लागणारी लाख मुळात आपल्याच देशाची. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांची ती लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाची ती जड, ठिसूळ तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई आणि सुमारे तीन मिनिटांत गाणे संपे. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर हे सारे आपल्या वाडवडिलांच्या ओटीवर आले ते या तीन मिनिटांच्या वाटेने.

आमच्या वडिलांकडे चावीचा फोनो होता. विजेचे काम नव्हते, म्हणून पावसाळ्यात गाव अंधारात असला तरी गाणे चाले. पोलादी पिनांची लहानशी डबी असे. नियम असा की, दर बाजूस नवी पिन लावावी. परंतु कोकणातील काटकसर आपणांस ठाऊकच आहे. एकाच पिनेवर आठ-आठ, दहा-दहा बाजू वाजत आणि तबकडी पांढुरकी पडत जाई. झिजलेली पिन तबकडीस खाते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी येत नसे.

त्या पेटीत एक तबकडी अशी होती की, जी आमच्या देखत कधीच वाजली नाही. ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली असे. दसऱ्याच्या दिवशी वडील पेटी उघडीत, ती तबकडी पुसून पुन्हा फडक्यात ठेवीत आणि पेटी बंद करीत. आम्ही विचारले तर म्हणत, “तुझ्या आत्याची आहे ती.” पुढे बोलणे होत नसे.

हकीकत आम्हांस फार उशिरा कळली. आमच्या आत्याबाई लग्नापूर्वी सुरेख गात. १९४० च्या सुमारास मुंबईस मामांकडे असताना एका कंपनीने त्यांची एक तबकडी काढली. एका बाजूस अभंग, दुसऱ्या बाजूस भावगीत. नावापुढे कंसात ‘हौशी’ असे छापले होते. घरंदाज मुलगी गाते ती पैशासाठी नव्हे, हे जगास कळावे म्हणून तो शब्द. एवढी काळजी घेऊनही ते खपले नाही. आपल्याच ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी आजोबांना बोल लावला, आजोबांनी फोनोला हात लावावयाची बंदी केली आणि पुढील वर्षी आत्याबाईंचे लग्न झाले. त्यानंतर त्या कधी गायल्या नाहीत. ज्ञातिसंघाच्या सभेत हे सांगावे की सांगू नये, याचा आम्ही विचार केला. सांगावे असे ठरविले, कारण झाकून ठेवण्याचे दिवस त्या तबकडीने पुष्कळ काढले आहेत.

आता आमच्या चुकीकडे वळतो. निवृत्तीनंतर आम्ही बाजारातून एक सुटकेसच्या आकाराचा देखणा प्लेअर आणला. आत स्पीकर बसविलेले, झाकण लावले की हातात धरून न्यावा. चालीही तीन होत्या : ३३, ४५ आणि ७८. आम्ही म्हटले, ७८ ची चाल आहे, आता काय हवे? आत्याबाईंची तबकडी फडक्यातून काढली आणि लावली. कढईत फोडणी तडतडावी तसा आवाज आला आणि त्यामागे विहिरीच्या तळातून कोणी बोलावे तसे काहीतरी. शब्द लागेना, सूर लागेना. दोन वेळा वाजवून आम्ही ती परत गुंडाळली. वडील गेले, तबकडीही मेली, असे समजून स्वस्थ बसलो.

पुढे मुंबईचे एक जुने संग्राहक कामानिमित्त रत्नागिरीस आले असता त्यांना ही हकीकत सांगितली. त्यांनी आमचा प्लेअर पाहिला, भिंगातून सुई पाहिली आणि म्हणाले, “गुरुजी, तबकडी मेलेली नाही. तुमची सुई चुकली आहे.”

त्यांनी जे समजाविले ते आम्ही आपणांस आपल्या भाषेत सांगतो. बैलगाडीच्या वाटेवर चाकांची चाकोरी पडते, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. तबकडीवरही तशीच चाकोरी असते आणि गाणे त्या चाकोरीच्या दोन्ही भिंतींवर कोरलेले असते. सुईने दोन्ही भिंतींना टेकून चालावयाचे असते. लाखेच्या तबकडीची चाकोरी रुंद असते. तिला टोकाशी सुमारे तीन सहस्रांश इंच त्रिज्येची सुई लागते. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची लाँगप्ले काढली, तिची चाकोरी फार अरुंद. तिला एक सहस्रांश इंच किंवा त्याहूनही बारीक सुई लागते. आमच्या प्लेअरला चाल ७८ ची होती, परंतु सुई लाँगप्लेची. ती रुंद चाकोरीच्या तळाशी जाऊन पडली आणि ऐंशी वर्षांची धूळ खरवडीत राहिली. गाणे तिच्या दोन्ही बाजूंस, वरच्या अंगास होते. उलट, जाड सुई लाँगप्लेवर ठेविली तर ती अरुंद चाकोरी फोडून टाकते. म्हणून सुई अगोदर आणि यंत्र मागाहून, हा आमचा पहिला धडा.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी आपापल्या घरातील तबकड्या मोजा. जड, ठिसूळ, दहा इंची आणि दर बाजूस एकच गाणे असलेल्या तबकड्या बहुधा लाखेच्या समजाव्यात. आपल्या देशात त्या १९६० नंतरही काही वर्षे निघत होत्या. लहान, सात इंची त्या बहुधा ४५ फेऱ्यांच्या. बारा इंची, लवचिक, एका बाजूस वीस मिनिटांच्या वर चालणाऱ्या त्या ३३⅓ फेऱ्यांच्या लाँगप्ले. ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ यांची पदे किंवा बाबूजींचे गीतरामायण ज्यांच्या घरी आहे, त्यांच्याकडे बहुधा व्हिनाइल आहे. केवळ व्हिनाइल असेल तर ७८ च्या चालीवाचून अडत नाही. लाखेच्या असतील तर मात्र ७८ ची चाल हवी आणि सुई बदलता आली पाहिजे. आम्ही अखेर ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचे एलपी-१२० जातीचे यंत्र घेतले, कारण त्यात तिन्ही चाली आहेत आणि एकाच कार्ट्रिजला लाँगप्लेची व लाखेच्या तबकडीची अशा निराळ्या सुया बसतात. ही जाहिरात नव्हे. याच गुणांचे दुसरे यंत्र मिळाल्यास तेही चालेल.

दुसरी गोष्ट वजनाची. चावीच्या फोनोचे डोके शंभर ग्रॅमहून अधिक भाराने तबकडीवर बसे. चांगल्या आधुनिक यंत्रात लाँगप्लेवर दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो. तो मागील वजन फिरवून नेमका करता येतो. सुटकेसच्या स्वस्त यंत्रांत तशी सोय नसते आणि भार पुष्कळदा पाच-सहा ग्रॅम असतो. रोज ऐकण्याची तबकडी त्यावर लावणे म्हणजे नवे पुस्तक वाचताना प्रत्येक पानास ओले बोट लावण्यासारखे आहे. सुईबरोबर आलेल्या कागदावर भार छापलेला असतो. तो पाहून तराजू लावावा. यंत्र ठेवण्याची जागा पाणसळीने समपातळीत करावी.

तिसरी गोष्ट फिरविण्याची. जुन्या यंत्रांत मोटारीचा दांडा एका रबरी चाकास फिरवी आणि ते चाक थाळीस. हे रबर वर्षानुवर्षे पडून राहिले की कडक होते आणि घरघर ऐकू येते. काही यंत्रांत पट्टा असतो. आपल्या दमट हवेत तो पुढेमागे सैल होतो, प्रसंगी गोंदासारखा चिकट होतो. म्हणून एक पट्टा जास्तीचा घेऊन ठेवावा. थाळी थेट मोटारीवरच बसविलेली असते ती तिसरी पद्धत. १९७० साली मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने असे यंत्र बाजारात आणले. तिन्ही पद्धती चांगल्या. पोटमाळ्यावर वडिलांचा एच.एम.व्ही. फिएस्टा असेल तर तो टाकू नये; रबर आणि सुई बदलून तो पुष्कळदा चालू होतो. मात्र नवी सुई बसेपर्यंत त्यावर आवडती तबकडी लावू नये.

परदेशस्थ आप्तांकडून यंत्र आणविणाऱ्यांस एक इशारा. अमेरिकेतील वीज ११० ते १२० व्होल्टची आणि सेकंदास ६० आवर्तनांची. आपली २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची. दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर आवर्तने बदलीत नाही. जुन्या विजेच्या मोटारी आवर्तनांच्या तालावर चालतात, म्हणून तेथील ३३⅓ चे यंत्र येथे २८ फेऱ्यांच्याही आत येते आणि बाबूजी कुंभकर्णासारखे जांभया देऊ लागतात. आमच्या एका स्नेह्यांनी हा अनुभव घेतला आहे. ॲडॅप्टरवर चालणाऱ्या हल्लीच्या यंत्रांस ही बाधा नसते.

चौथी गोष्ट आवाज मोठा करण्याची. चांगल्या सुईतून निघणारा विजेचा अंश अतिशय क्षीण, थोड्या सहस्रांश व्होल्टचा. शिवाय लाँगप्ले कापताना खर्जाचा भाग मुद्दाम कमी आणि तारेचा अधिक ठेवलेला असतो. वाजविताना तो उलट करून घ्यावा लागतो. याचे प्रमाण १९५४ साली ठरले. हे काम फोनो प्रीअॅम्प्लिफायर करतो. जुन्या अॅम्प्लिफायरवर ‘फोनो’ अशी खूण असेल तर तो आतच आहे. नव्या पुष्कळ प्लेअरांतही तो असतो. दोन्हीकडे असेल तर एकच चालू ठेवावा, कोठेच नसेल तर वेगळा घ्यावा. आवाज पातळ आणि दूरचा येतो अशी तक्रार ज्यांची असेल, त्यांनी प्रथम हे तपासावे. स्पीकर निराळे असावेत आणि यंत्राच्या फळीवर ठेवू नयेत. त्यांची थरथर सुईत शिरते.

आता आपल्या रत्नागिरीची विशेष अडचण. वर्षास तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, खारा वारा आणि कागदास लागणारी बुरशी. तबकड्या पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. आडव्या चळतीने खालच्या वाकतात. भिंतीस टेकवू नयेत, ओल येते. कौलांखालच्या माळ्यावर ठेवू नयेत, वैशाखात व्हिनाइल वाकते. आतील कागद बुरसला असेल तर बदलावा. वेष्टण मात्र टाकू नये, कारण त्यावर साथीदारांची नावे असतात.

धुण्याविषयी अत्यंत महत्त्वाची सूचना : लाखेच्या तबकडीस स्पिरिट कदापि लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि तीबरोबर गाणेही जाते. भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब साध्या पाण्यात घालून, मध्यभागीचे लेबल कोरडे राखून, मऊ फडक्याने चाकोरीच्या दिशेने पुसावे. शेवटचे पाणी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरचे असावे. नंतर सावलीत वाळवावे.

आम्ही आत्याबाईंची तबकडी अशीच धुतली. नवी जाड सुई आणली. ती लावण्याच्या दिवशी आतेबहिणीस बोलावून घेतले. तिला आम्ही घरात अक्का म्हणतो. वय पंचाहत्तरीच्या पुढे. सुई टेकली. खरखर होतीच, ती जात नाही. परंतु तिच्यापुढे एका वीस वर्षांच्या मुलीचा स्वच्छ, थोडा भ्यालेला आवाज उभा राहिला. अभंगाचा शब्द न् शब्द कळत होता. अक्का काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “आई गात होती हे मला ठाऊकच नव्हतं रे. स्वयंपाकघरात गुणगुणतानाही कधी ऐकली नाही.” दुसरी बाजू झाली. आम्ही पुन्हा लावू का म्हणून विचारले तर म्हणाली, “नको. झिजेल ती.”

त्या एका वाजविण्यातच आम्ही ते गाणे संगणकात उतरवून घेतले होते. आज ते आमच्या कुटुंबात सर्वांपाशी आहे आणि तबकडी नव्या कागदात उभी ठेवलेली आहे.

कोणी म्हणेल, सर्व काही मोबाइलवर मिळते, मग ही यातायात कशास? थोरांचे पुष्कळसे मिळते, हे खरे आहे. तबकडीचा आवाज सर्वांहून गोड, असाही आमचा दावा नाही. परंतु जे कोणी संगणकात चढविलेच नाही, ते मोबाइलवर कोठून येणार? मुंबईस १९३५ साली निघालेल्या ‘यंग इंडिया’ छापाने १९५५ पर्यंत किती तरी नवख्या आणि हौशी गायकांच्या तबकड्या काढल्या. मोठ्या कंपनीने ज्यांस दार उघडले नसते, त्यांचे आवाज तेथे उरले आहेत. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या मंडळींनी असे आवाज शोधून जपण्याचे काम चालविले आहे. परंतु त्यांना आपल्या पोटमाळ्यावर चढता येत नाही. तेथे आपणच चढले पाहिजे. पुष्कळ तबकड्या भंगारात गेल्या, काहींच्या गरम पाण्यात वाकवून फुलदाण्या झाल्या. उरलेल्यांत कोणाची आत्या, कोणाचे आजोबा असतील हे वाजविल्याखेरीज कळणार नाही.

म्हणून आमची संघास नम्र सूचना अशी. प्रत्येक घराने स्वतंत्र यंत्र घेण्याची गरज नाही. संघाच्या कार्यालयात एक चांगले यंत्र आणि दोन्ही जातींच्या सुया ठेवाव्यात. महिन्यातील एका रविवारी ज्ञातिबांधवांनी आपल्या तबकड्या आणाव्यात, त्या धुवाव्यात, एकदा वाजवून उतरवून घ्याव्यात आणि गाणाऱ्याचे नाव वहीत नोंदवावे. हे काम आम्ही विनावेतन करू. वहीचे अक्षर तरी चांगले येईल, याची खात्री बाळगावी.

शेवटी एकच सांगतो. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तीत आपल्या शेजारच्या गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. याने सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेली. त्या तबकडीस कान देणारा कोणी भेटेल की नाही, हे कोणास सांगता येणार? परंतु पाठविणाऱ्यांनी एक व्यवहार पाहिला. तबकडीबरोबर त्यांनी कार्ट्रिज आणि सुईही ठेवून दिली आणि ती कशी वाजवावी याची आकृती वेष्टणावर कोरली. नुसती तबकडी जपून भागत नाही, हे त्यांस ठाऊक होते.

आमच्या वडिलांनी तबकडी जपली, परंतु तिला आवाज देण्याचे धैर्य त्यांस झाले नाही. आम्हांस धैर्य झाले तर सुई चुकली. आपल्या हातून या दोन्हींपैकी काही न घडो, एवढीच आमची इच्छा आहे.